काट्यावरची पोरं

मागच्या महिन्यात बारामतीहून दोन तरुण माझ्याकडं आले होते. आमच्या जुन्या हुतूतूच्या कुमार संघाचा इतिहास लिहून काढायचं त्यांनी मनावर घेतलंय. पोरं चांगली होती. नीट बसली, चहा घेतला, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. पहिल्या संघातले हयात असलेले आम्ही थोडेच उरलोय, म्हणून त्यांनी मला गाठलं. म्हणाले, "आजोबा, बापूंवर चार चांगले शब्द लिहून द्या. संघ उभा केला तो त्यांनीच." मी म्हटलं, "शब्द देतो. चांगल्याची हमी देत नाही." दोघं हसले. म्हातारा थट्टा करतोय असं त्यांना वाटलं असावं.

थट्टा नाही. या माणसाचा मला राग होता आणि आहे. तो जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण माणूस मेला की त्याच्याविषयी बरं तेवढंच बोलायचं ही आपल्याकडची रीत मला कधी जमली नाही. सगळी बारामती त्याला अहोजाहो करायची. आम्हीही तोंडावर तेच करायचो. इथं मात्र मी एकेरीत लिहिणार आहे. आडनाव लिहीत नाही, कारण त्याच्या नातवंडांनी माझं काही वाकडं केलेलं नाही.

बापू बारामतीच्या गूळबाजारात मापाडी होता. शेतकऱ्यानं गाडीतून गूळ आणायचा, आडत्याच्या दुकानापुढं उतरवायचा, व्यापाऱ्यानं लिलावात घ्यायचा, आणि मग बापूनं त्या ढेपा काट्यावर चढवून वजन पुकारायचं. काटा म्हणजे तिपाईला टांगलेला मोठा तराजू. एका पारड्यात लोखंडी वजनं, दुसऱ्यात गूळ. बापू दांडीकडं बघायचा, चिमटीनं पारडं जरा थोपवायचा आणि खणखणीत आवाजात आकडा सांगायचा. त्याच्या आकड्यावर कुणी बोलायचं नाही. तो एकदा बोलला की लिहिणारा लिहायचा आणि ढेप पलीकडं जायची.

दिसायला उंच, वाळका, नाकाचं हाड वर आलेलं. अंगात कायम एकच पांढरा सदरा, आणि त्या सदऱ्याला गुळाचा वास. नुसता वास नाही, बाह्यांना गूळ लागून लागून त्या कडक झालेल्या. तो मैदानावर यायचा तेव्हा दोनचार माश्या त्याच्याबरोबर यायच्या. हे मी मुद्दाम सांगतोय. कारण पुढं जे झालं त्यात उपाशीपोटी तो वास घेत उभं राहणं हा आमच्या कसरतीचाच एक भाग होता.

बाजार उठला की त्याच आवारात आमचा खेळ चालायचा. जमिनीवर गुळाचा चुरा, त्यावर मुंग्यांच्या रांगा. बापू फडा मारून जागा साफ करायचा, पायाच्या अंगठ्यानं रेघा ओढायचा आणि आम्हाला रांगेत उभं करायचा. मग मोजायचा. मापाड्यांची मोजायची पद्धत अशी की 'एक' म्हणायचं नाही. पहिल्याला 'लाभ' म्हणायचं. लाभ, दोन, तीन, चार. बापू पोरांनाही तसंच मोजायचा. रांगेत पहिला नेहमी शिवराम असायचा. शिवराम म्हणजे माझा चुलतभाऊ. बापूचा हात त्याच्या डोक्यावर पडायचा आणि तोंडातून निघायचं, "लाभ." शिवरामाला ते इतकं आवडायचं की रांगेत दुसरा कुणी पुढं उभा राहिला तर तो त्याला कोपरानं मागं ढकलायचा.

आम्ही दोघं कोऱ्हाळे बुद्रुकचे. घरी ऊस, स्वतःचं गुऱ्हाळ. हायस्कूलसाठी बारामतीला होतो आणि आमचा गूळ जिथं जायचा त्याच आडत्यानं दुकानामागं एक खोली दिली होती. बापूच्या हाती आम्ही सापडलो ते त्यामुळं. मी साधा गडी होतो, डाव्या कोपऱ्याला उभा राहून पाय धरायचा एवढंच मला यायचं. शिवराम वेगळाच होता. चढाईला गेला की 'हुतूतूतू' असा एक सूर लागायचा आणि तो सूर तुटतोय कुठं हे समोरच्याला कळायचंच नाही. तो लांब हातांनी दोन गडी मारून परत यायचा, तरी श्वास बाकी असायचा. बघायला हमाल, गाडीवान, आडतेसुद्धा दुकानाच्या पायऱ्यांवर येऊन बसायचे.

त्या वेळी कुमार गटाला वजनाची हद्द होती. शंभर रत्तल, म्हणजे आजचे पंचेचाळीस किलो. त्याच्यावर भरला तो पोरगा मोठ्यांत खेळायचा, नाहीतर घरी बसायचा. खेळ शिकवणारे दुसरे लोक पोरगा किती पळतो, किती दम धरतो ते बघत. बापू आधी वजन बघायचा. पोराच्या काखेत हात घालून त्याला जमिनीपासून वर उचलायचा, क्षणभर तोलायचा आणि खाली ठेवायचा. "गूळ आन् गडी, दोन्ही हाताला कळतंय," हे त्याचं बोलणं. मग खात्री म्हणून पोराला काट्याच्या पारड्यात बसवायचा. आम्ही पारड्यात मांडी घालून बसायचो, साखळ्या धरायचो, आणि बापू दांडीकडं बघून सांगायचा, "बसतोय," नाहीतर "उतर दोन शेर." उतर म्हणजे पारड्यातून उतर असं नव्हे. अंगातनं उतर.

शिकवायचा चांगलं, हे नाकारत नाही. घोटा कसा धरायचा, धरल्यावर डोकं कुठं ठेवायचं म्हणजे लाथ लागत नाही, हे त्यानं मला दाखवलं ते मी आजही दाखवू शकतो. कुणाकडून काही घेतलंही नाही. आम्ही उपाशी असलो की तोही जेवायचा नाही, दुपारी बाजारातला चहासुद्धा परत पाठवायचा. लोक म्हणायचे, काय माणूस आहे. मला त्याचाच जास्त राग येतो. खादाड असता, लबाड असता, तर आमच्यापैकी एखाद्यानं तरी त्याला शिव्या घालून घरची वाट धरली असती. उपाशी माणसापुढं उपाशी पोरं काय बोलणार?

शिवराम पंधरा संपून सोळाव्यात आला आणि त्याचं अंग वाढायला लागलं. त्याच्या मनगटांना बाह्या पुरेनात. आवाज फुटला. कोणत्याही घरात याचं कौतुक होतं. बापूनं त्याला एके दिवशी उचललं, खाली ठेवलं आणि इतक्या घृणेनं बघितलं की आम्हीच खाली बघायला लागलो. म्हणाला, "वाढतूयास कशाला रं?"

शिवराम म्हणाला, "चुकलं बापू."

मी हे ऐकलंय. वाढल्याबद्दल माफी मागणारा पोरगा मी पाहिलाय.

तिथून शिवरामाची भाकरी अर्धी झाली. मग रात्रीची बंद झाली. ताक चालेल, दूध नको. मीठ नको, मिठानं पाणी धरतं. खेळून झाल्यावर पाण्याच्या घागरीशी बापू स्वतः उभा राहायचा आणि शिवरामाला चूळ भरायला लावायचा. "थुक," म्हणायचा. गिळलं की नाही ते बघायला गळ्याच्या घाटीवर नजर ठेवायचा.

त्याच उन्हाळ्यात घरी शिवरामाच्या बहिणीचं, आक्काचं लग्न निघालं. कोऱ्हाळ्यात मांडव पडला. बापूला बोलावणं होतंच. आमचा सगळा गूळ ज्याच्या हातून जातो त्याला टाळून चालत नाही. दुपारी पंगत बसली. शिवराम करवल्यांच्या मागंपुढं करून दमला होता, तो पंगतीत बसला. पानावर बुंदी पडली. त्यानं पहिला घास उचलला आणि समोरच्या ओळीतून बापू उठला. शांतपणे चालत आला, शिवरामाच्या दंडाला धरलं आणि म्हणाला, "ऊठ."

भरल्या पानावरून माणसाला उठवणं म्हणजे काय, हे आमच्याकडं सांगावं लागत नाही. वैऱ्यालाही कुणी उठवत नाही. आणि हा नवरीचा भाऊ, स्वतःच्या दारच्या मांडवात. पंगतीतले हात थांबले. वाढणारे थांबले. शिवराम उठला. हातातली बुंदी त्यानं पानावर परत ठेवली आणि तो हात धुवायला गेला.

काकी, म्हणजे शिवरामाची आई, हे बघून चुलाण्याकडून धावत आली. "बापू, आज त्येच्या भणीचं लगीन हाय."

"इंदापूरचे सामने बी पंध्रवड्यावर हायती, वैनी," बापू म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. काकीला काहीतरी समजत नाहीये आणि आपण ते समजावून सांगतोय, असा सूर होता.

काकीनं तात्यांकडं बघितलं. तात्या म्हणजे शिवरामाचे वडील, माझे चुलते. आवाज मोठा, मिशी मोठी, गावात वजन. तात्यांनी बापूकडं बघितलं, मग मांडवाच्या मेढीकडं बघितलं आणि म्हणाले, "वाढा रं पुढं, थांबलाव का?" गुऱ्हाळ अजून चालू होतं. अजून दोन गाड्या बाजारात जायच्या होत्या. मी तात्यांना दोष देत नाही, पण त्या क्षणी एकदा तरी त्यांनी तोंड उघडायला हवं होतं असं मला आजही वाटतं.

इंदापूरला जायच्या आदल्या दिवशी बापूनं आम्हाला एकेकाला पारड्यात बसवलं. शिवराम शेवटी बसला. गाल आत गेलेले, ओठांना भेगा. बापू दांडीकडं बघत राहिला. मग पहिल्यांदाच हसला. "बसला," म्हणाला. "काटा बरूबर शंभराचा." आम्ही ओरडलो, एकमेकांच्या पाठीवर थापा मारल्या. शिवराम पारड्यातून उतरला आणि साखळीला धरून उभा राहिला, कारण त्याला घेरी आली होती. म्हणाला, "कसं झालं बाळू?" मी म्हटलं, झ्याक.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं निघालो. भिगवणला गाडी मोठ्या रस्त्याला लागली आणि डाळजला थांबली. ड्रायव्हर चहाला उतरला. ऊन चढायला लागलं होतं. रस्त्याकडेला एक म्हातारी डोक्यावर घागर घेऊन चालली होती. खिडकीतून आमची तोंडं बघून ती आपणहून थांबली. "पानी प्येता का रं लेकरांनो?" आमच्यातल्या दोघांनी हात बाहेर काढले. बापू गाडीतून उतरला आणि घागरीच्या तोंडावर आपला पंजा ठेवला.

"न्हाय पीत ती."

"का? सुतक हाय का काय?"

"खेळायचं हाय त्यास्नी."

म्हातारीनं त्याला खालपासून वर बघितलं. "कसला म्हनायचा ह्यो खेळ," ती म्हणाली आणि घागर उचलून चालायला लागली. तिच्या घागरीतून थोडं पाणी हिंदकळून रस्त्यावर सांडलं. शिवराम ते धुळीत मुरेपर्यंत बघत होता.

इंदापूरला वजनासाठी काटा होता तो आमच्या बाजारातल्यासारखा नव्हता. लोखंडी फळीवर उभं राहायचं आणि समोरच्या दांडीवरचं छोटं वजन सरकवायचं, असा तो उभा काटा. यजमानांनी कुणाकडून तरी मागून आणलेला. पंचांनी समोर उभं राहून वजनं घेतली. आमचा पहिला पोरगा चढला, जेमतेम आत बसला. दुसरा हद्दीच्या वर भरला. तिसराही. दोघांना थुंकायला आणि पळायला पाठवलं. मग शिवराम चढला. पंचांनी वजन सरकवलं, आणखी सरकवलं आणि मान हलवली. हद्दीच्या चांगला वर.

बापू म्हणाला, "काटा खोटा हाय."

पंच शाळामास्तर होते. त्यांनी शांतपणे दुसऱ्या तालुक्यातली पोरं चढवून दाखवली. त्या पोरांचं वजन त्यांच्या गावी जेवढं भरलं होतं तेवढंच इथं भरत होतं. काटा खरा होता. खोटं होतं ते आमचं बारामतीचं वजन, आणि ते कसं, हे मला तिथंच उभ्या उभ्या कळलं.

गूळबाजारात मापाड्यानं व्यापाऱ्याला झुकतं माप द्यायचं असतं. असं कुठं लिहिलेलं नाही, पण चालत आलेलं आहे. गुळाचं पारडं सपाट राहिलं की आकडा पुकारायचा नाही. ते जरा खाली गेलं की मग पुकारायचा. ते जरासं जास्तीचं व्यापाऱ्याचं. बापूनं उभी हयात हेच केलं होतं. इतकं केलं होतं की झुकलेली दांडी त्याच्या डोळ्याला सरळ दिसायला लागली होती. आम्हाला पारड्यात बसवल्यावरही त्यानं तेच केलं. आमचं पारडं खाली गेलेलं असायचं आणि तो म्हणायचा, बरोबर शंभर. त्यानं आम्हाला फसवलं असं मी म्हणत नाही. त्याला कळलंच नव्हतं. स्वतःचाच हात त्याला खोटं सांगत होता. आणि जरी कळलं असतं, तरी त्यानं काय केलं असतं? शिवरामाची उरलेली अर्धी भाकरी तोडली असती, एवढंच.

सामना दुपारी होता. वजन कमी करून दाखवायला पंचांनी तोवर मुदत दिली. बापूनं कुणाची तरी घोंगडी मागून आणली, शिवरामाच्या अंगाभोवती गुंडाळली, वरून दोरी बांधली आणि त्याला रस्त्यावर पळायला लावलं. चैत्रातलं ऊन. गढीच्या बाजूनं वर जायचं आणि खाली यायचं. बापू त्याच्या शेजारी पळत होता, हे लिहायला हवं. अनवाणी, उपाशी, पन्नाशीला आलेला माणूस. "चल लाभ, चल," म्हणत होता. आम्ही सावलीला बसून बघत होतो. परत परत बापू घोंगडी पिळायला काढायचा, शिवरामाला उभं करायचा, पुन्हा बांधायचा. शेवटी शेवटी घाम यायचा थांबला. अंग कोरडं पडलं. त्याचा अर्थ आम्हाला माहीत नव्हता. बापू म्हणाला, "आता आत काय ऱ्हायलं न्हाय. चढीव."

शिवराम फळीवर चढला. बसला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. इंदापूरच्या पोरांनीसुद्धा वाजवल्या.

पहिल्या चढाईला तोच गेला. रेघ ओलांडली, सूर लागला. आम्हाला वाटलं, झालं, आता कसली काळजी. तो उजवीकडून आत शिरला, एकाला हात लावला, परत फिरला आणि मध्येच थांबला. सूर तुटला नव्हता, बारीक होत होता. तोंड उघडं होतं, डोळे आमच्याकडं होते, पण तो आम्हाला बघत नव्हता. इंदापूरच्या दोन पोरांनी त्याला कंबरेला धरलं आणि लगेच सोडलं. त्यांच्या हातातलं अंग त्यांना बरं लागलं नाही. शिवराम खाली बसला, मग आडवा झाला.

बापू रेघेवर उभा राहून ओरडत होता, "दम सोडू नगं! रेघंला हात लाव! हात लाव!"

इंदापूरच्या कर्णधारानं आपल्या संघाची कळशी उचलून शिवरामाच्या तोंडावर आणि छातीवर रिकामी केली. त्या पोराचं नाव मला आठवत नाही. आठवावं म्हणून मी पुष्कळ प्रयत्न केलाय. बापू तोवर पंचांशी वाद घालत होता. त्याचं म्हणणं, त्यांनी धरून सोडलं, म्हणजे गडी बाद धरता येत नाही.

शिवरामाला लिंबाखाली नेऊन निजवलं. बापूनं एकदा त्याच्याकडं बघितलं, मग आम्हाला पुन्हा रांगेत उभं केलं. पुढं उभ्या असलेल्या पोराच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "लाभ." आम्ही खेळलो. मीही खेळलो. जिंकलोही. त्या दोन तरुणांना त्यांच्या इतिहासासाठी हे उपयोगी पडेल. संघाचं पहिलं विजेतेपद, इंदापूर. ढाल अजून कुणाच्या तरी कपाटात आहे म्हणतात.

शिवरामाचं तोंड दुसऱ्या दिवशी सुजलं. लघवी लाल झाली, मग जवळजवळ बंदच झाली. बारामतीच्या डॉक्टरांनी मूत्रपिंडं बिघडल्याचं सांगितलं. पोराला पाणी का दिलं नव्हतं, असं त्यांनी तात्यांना विचारलं. घरी आल्यावर मी त्यांना इंदापूरच्या काट्याची सगळी हकिगत सांगितली. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाले, "म्हंजी इतकी सालं आपला गूळ बी..."

"गुळाचं नाव काढू नगा," काकी म्हणाली. "माज्या फुडं तरी काढू नगा."

पावसाळा गेला, दसरा गेला. शिवराम वाचला, एवढंच. पुढं शेतात उभा राहिला, लग्नही झालं, पण जड काम त्याच्या नशिबात परत आलं नाही आणि म्हातारपणही आलं नाही. त्या महिन्यांत सूज उतरली तेव्हा अंगावरचं सगळंच घेऊन उतरली. काकी त्याला अंगणात उन्हाला बाज टाकून बसवायची आणि चमच्यानं भरवायची. बापूविषयी कुणी वाकडं बोललं की हा हाडांचा सापळा चिडायचा. "त्येंनी मला खेळ शिकीवला," म्हणायचा. बापू या सगळ्या दिवसांत एकदाही फिरकला नव्हता. शिवराम रस्त्याकडं बघत बसायचा ते त्याच्यासाठी, हे मला ठाऊक होतं.

दिवाळीनंतर एके दिवशी तो आला. सायकल भिंतीला लावली. तोच सदरा. तात्यांनी घोंगडं अंथरलं. इतके महिने ज्याच्या नावानं बोटं मोडली त्याला काकीनं चहा केला, कारण आम्हा सगळ्यांना वाटलं, हा माणूस अखेर बोलायला आलाय. एक शब्द पुरला असता. नुसतं 'चुकलं' म्हटला असता तर काकीनं त्याला जेवू घालून पाठवलं असतं. ती तशीच होती.

बापू कप हातात धरून शिवरामाकडं बघत बसला. इतका वेळ बघत बसला की काकीचे डोळे भरून आले. तिला वाटलं, याला वाईट वाटतंय. मलाही, खरं सांगतो, तसंच वाटलं.

"वैनी, एक बोलू का?"

"बोला की."

"पोरगं आता वजनात बसतंय बगा." त्याचा चेहरा उजळला होता. "पार बेताचं झालंय. अजून येक हंगाम निगंल त्येचा."

आणि शिवराम हसला. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा हसला. आपल्या काटकुळ्या मनगटांकडं बघून, काहीतरी मिळवल्यासारखा हसला. त्या हसण्याबद्दल मी बापूला कधी माफ केलं नाही.

काकी पुढं झाली, तिनं बापूच्या हातातला कप काढून घेतला आणि त्यातला चहा उकिरड्याच्या बाजूला फेकून दिला. "उठा," म्हणाली.

"अवो, पर मी वाईट काय बोललो?" बापूनं तात्यांकडं बघून विचारलं. त्याला खरोखरच कळत नव्हतं. तात्या उठले आणि त्यांनी त्याची सायकल स्वतःच्या हातानं दारापर्यंत नेऊन दिली.

तो गावाबाहेर जातोय हे डोळ्यांनी बघावं म्हणून मी मागं गेलो. कालव्याच्या अलीकडं ऊस निघालेल्या रानात गावातली बारकी पोरं हुतूतू खेळत होती. बापू सायकलवरून उतरला. सायकल कमरेला टेकवून तो बांधावर उभा राहिला आणि एकेका पोराकडं बघायला लागला. मग त्यानं एकाला बोट करून बोलावलं. "ए, इकडं ये. सकाळी किती भाकरी खातूस रं?" बारामतीचा पाहुणा आपल्याला बोलावतोय, म्हणून ते पोरगं आनंदानं पळत त्याच्याकडं निघालं.

मी त्याच्या आधी पोचलो. पोराला दंडाला धरून मागं ओढलं आणि रानात ओढलेली मधली रेघ पायानं पुसून टाकली. पोरं ओरडायला लागली, त्यांचा डाव रंगात आला होता. बापू माझ्याकडं बघत होता. मग सायकलवर टांग टाकून तो कालव्याच्या रस्त्यानं गेला. बारामतीची शाळा मी तोवर सोडली होती; त्यानंतर तो मला दिसला नाही.

पोरं माझ्याभोवती जमली. काय झालं, म्हणून विचारायला लागली.

"घरी जा," मी म्हटलं. "आधी घरी जा आन् पोटभर जेवा."